बंदूक गार आहे!

बाळांनो, ही गोष्ट अक्षरन्‌अक्षर खरी आहे. माझ्या या डोळ्यांनी पाहिलेली. खोटी असेल तर माझ्या मिशा गळून पडोत.

कोण रे तो मागून म्हणाला, तुम्हाला मिशाच नाहीत? होत्या. त्या दुसऱ्या एका गोष्टीच्या वेळी गळल्या. मध्ये बोलू नका.

आता डोळ्यांनी पाहिलेली म्हणजे मी तिथं हजर होतो, असं नाही. मी त्या दिवशी मामाकडे आंबोळ्या खात होतो. पण ज्यानं मला ही सांगितली, तो तिथं होता. म्हणजे जवळपास होता. निदान आवाज कुठून आला, ती दिशा त्याला माहीत होती. तेव्हा खरेपणाबद्दल शंका नको. एक जागा मात्र मी पदरची घातली आहे. कोणती, ते शेवटी सांगीन. तोवर तुम्ही ओळखा. आणि ‘जनावरं कुठं बोलतात का?’ असं म्हणू नका. जनावरं बोलतातच. ऐकत नाहीत, एवढंच.

तर, एका जंगलात पूर्वी नुसती शिकार व्हायची. मग तिथं शिकारीचं शूटिंग व्हायला लागलं. शिकार झाडामागून एक उडी मारली की आटपायची. शूटिंग महिनोन्‌महिने चालायचं. त्यामुळे जंगलाची प्रगती झाली, असं सगळे म्हणू लागले.

चित्रपटाचं नाव होतं ‘सुडाचं शिंग’. निर्माते होते घोरपडशेठ. घोरपडशेठ भिंतीला चिकटत, फांदीला चिकटत, खुर्चीला तर फारच चिकटत. फक्त दिलेल्या शब्दाला चिकटत नसत.

दिग्दर्शक होते धनेशराव. धनेश पक्षी पाहिलाय ना? केवढी ती चोच, आणि त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी. त्यामुळे धनेशराव “चहा आणा” म्हणाले तरी काहीतरी थोर बोलले असं वाटायचं.

नायक होते बिबटेसाहेब. ते सावलीत बसत आणि त्यांच्यासाठी आणखी सावली आणावी लागे.

आणि एक होती यमू भेकर.

भेकर म्हणजे हरणाच्या जातीतलं लहानसं जनावर. अंगानं बकरीएवढं. पण त्याला एक देणगी आहे. धोका दिसला की ते भुंकतं. कुत्र्यासारखं. भेकर भुंकलं की माकडं झाडावर चढतात, ससे बिळात शिरतात, अख्खं जंगल सावध होतं. कित्येक जिवांना भेकराच्या भुंकण्यानं म्हातारपण पाहायला मिळालं आहे.

सेटवर मात्र भेकर भुंकलं की साउंडवाला चिडायचा.

यमूचं काम होतं मरण्याचं. प्रत्येक चित्रपटात ती नायकाच्या वाटेत यायची आणि मरायची. पडदाभर मरायची ती, आणि संध्याकाळी घरी जाऊन धाकट्या बहिणीला घेऊन चरायला जायची. या खेपेला तिला पहिल्यांदा एक वाक्य मिळालं होतं. मरण्याआधी तिनं म्हणायचं होतं, “थांबा! माझं एक ऐका!” मग नायकानं न ऐकता चाप ओढायचा. टाळ्या.

बहिणीला ती ते वाक्य रोज म्हणून दाखवायची. बहीण म्हणायची, “अक्का, पण तो ऐकत का नाही?”

“ऐकलं तर चित्रपट संपेल ना गं,” यमू म्हणायची.

आता बंदुकीचं ऐका. त्या जंगलात बंदूक एकच होती. कुणा शिकाऱ्यानं वाघमहाराजांना जरा जवळून पाहिलं आणि बंदूक, गोळ्यांची पिशवी आणि एक बूट टाकून तो निघून गेला. बूट मुंगसानं घर म्हणून घेतला. बंदूक महाराजांनी घेतली. रात्री ती महाराजांच्या गुहेच्या पहाऱ्याला असायची. पहारेकरी अस्वल तिच्यात खऱ्या गोळ्या भरून बसायचं. दिवसा तीच बंदूक शूटिंगला यायची. दुसरी आणायची तर शहरात जावं लागलं असतं, आणि शहरात जनावरांना सहज बंदूक देतात का नाही, हे कुणाला माहीत नव्हतं.

शूटिंगला बंदूक रिकामी हवी. नायकानं नुसता चाप ओढायचा. ‘ठो’ हा आवाज नंतर घालायचा. तो एक बेडूक काढायचा, आणि अगदी हुबेहूब काढायचा.

बंदूक सांभाळायला सेटवर साळिंदरबुवा नेमले होते. अंगावर एवढे काटे बाळगणारा प्राणी हत्यारांतला जाणकार असणारच, असं धनेशरावांचं मत होतं.

पहिल्या दिवशी सकाळी अस्वलानं गोळ्या काढून बंदूक दिली. बुवांनी ती उघडली, डोळा लावून आत पाहिलं आणि ते मोठ्यानं ओरडले, “बंदूक गार आहे!” गार म्हणजे रिकामी. सगळ्यांना ते इतकं आवडलं की टाळ्या पडल्या.

मग रोज तसंच. अस्वल गोळ्या काढायचं, बुवा उघडून पाहायचे आणि ओरडायचे. ती बंदूक बुवा नानू मुंगसाच्या हातात द्यायचे. नानू हा धनेशरावांचा सहायक. सेटभर पळायचा. तो पळता पळता ओरडायचा, “गार आहे!” आणि ती बिबटेसाहेबांना द्यायचा. साहेब पंजा उंचावून म्हणायचे, “गार!” साहेबांच्या आवाजात ते फारच गार वाटायचं.

थोड्या दिवसांनी बुवांच्या लक्षात आलं, की बंदूक रोज रिकामीच येते. मग रोज उघडायची कशाला? बिजागरी झिजते. शिवाय धनेशराव घाई करायचे, “उजेड जातोय, उजेड जातोय!” त्यांचा उजेड सकाळपासून जात असायचा. बुवांनी उघडणं सोडलं. ओरडणं ठेवलं.

इकडे अस्वलाच्या कानावर आलं, की सेटवर म्हणे बंदूक तपासायला खास विभाग आहे. मग आपण जागरण करून, तारवटल्या डोळ्यांनी गोळ्या कशाला काढत बसायच्या? अस्वलानं काढणं सोडलं.

म्हणजे बघा, अस्वल काढतं म्हणून बुवा बघेनात, आणि बुवा बघतात म्हणून अस्वल काढेना. दोघांचा एकमेकांवर केवढा विश्वास! हल्ली असा कुठं पाहायला मिळत नाही.

तरी काही बिघडत नव्हतं. कारण तोवर चाप ओढायचं दृश्यच नव्हतं. बिबटेसाहेब बंदूक खांद्यावर टाकून डोंगराकडे पाहायचे, आणि डोंगर त्यांच्याकडे पाहायचा. एवढंच.

चाप ओढायचं दृश्य खंडेनवमीला ठरलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. जंगलातही करतात. वाघमहाराज त्या दिवशी स्वतःच्या नखांना कुंकू लावतात. सेटवर बंदुकीची पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं. दस्त्याला हार घातला. नळीच्या तोंडात घोरपडशेठनी स्वतःच्या हातानं एक टपोरं झेंडूचं फूल खोचलं.

पूजेच्या आधी बंदूक घेऊन अस्वल आलं होतं. पूजा आटपल्यावर ते जांभया देत परत निघालं, तेव्हा यमूनं सहज विचारलं, “अस्वलदादा, गोळ्या काढल्या ना?”

“मी?” अस्वल म्हणालं. “ते माझं काम नाही गं. माझी रात्रपाळी. भरायचं काम माझं. काढायचं दिवसपाळीकडे.”

“म्हणजे आता आत गोळ्या आहेत?”

“काल भरल्या तेव्हा होत्या,” अस्वल म्हणालं, आणि झोपायला गेलं.

यमूचे कान ताठ झाले. ती साळिंदरबुवांकडे धावली.

“बुवा, बंदूक उघडून बघा. अस्वलदादानं गोळ्या काढल्या नाहीत.”

बुवा काटे साफ करत होते. “यमे, माझ्याकडे येते ती गारच यायला पाहिजे, असा नियम आहे. गरम आली तर चूक कुणाची? अस्वलाची. मग मी उघडून बघितलं, तर अस्वलाची चूक मी माझ्या अंगावर घेतली असं होत नाही का?”

“पण गोळी माझ्या अंगावर येईल ना!”

“ते वेगळं खातं,” बुवा म्हणाले. “आणि आज उघडायचं म्हणतेस? पुजलेलं हत्यार आज उघडत नाहीत.”

“पुजलेलं हत्यार आज वापरत नाहीत, बुवा. आमच्याकडे आज विळीसुद्धा हलवत नाहीत.”

हे घोरपडशेठनी ऐकलं. ते लगेच खांबावरून खाली उतरले. “वापरायचं नाही असं काही नाही हं. शास्त्र असं आहे, की उघडायचं नाही. वापरलं तर चालतं. शूटिंग थांबवायला कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.”

“शेठ, मला काही झालं तर?”

“विमा काढलाय की!”

“माझा?”

“बंदुकीचा,” शेठ म्हणाले. “ती महाराजांची आहे.”

यमू नानू मुंगसाकडे गेली. नानू तीन दिशांना पळत होता. त्यातल्या एका दिशेला तिनं त्याला गाठलं.

“नानूभाऊ, नुसतं उघडून आत बघा. क्षणभराचं काम आहे.”

“यमूताई, बुवा गार म्हणाले ना?”

“म्हणाले. बघितलं नाही.”

“मग मी आता बघितलं, तर बुवांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. पुढच्या चित्रपटातही मला त्यांच्याबरोबरच काम करायचं आहे.” आणि तो पळाला. पळणाऱ्यावर रागावताही येत नाही.

बिबटेसाहेब आरशासमोर ओठ मागे घेऊन दात बघत होते. यमूनं हात जोडले. “साहेब, चाप तुम्ही ओढणार. तुम्ही तरी बघा.”

“यमू,” साहेब म्हणाले, “मी कलावंत आहे. मी भूमिकेत शिरतो. बंदुकीत शिरत नाही.”

शेवटी ती धनेशरावांकडे गेली. धनेशरावांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाले.

“काय ही भीती!” ते म्हणाले. “कान बघा, पाय बघा कसे थरथरतायत. इतकी वर्षं मी हेच मागत होतो. यमू, हे असंच धरून ठेव. कॅमेरा लावा रे! उजेड जातोय!”

“मी नाही उभी राहणार,” यमू म्हणाली.

घोरपडशेठ गोड हसले. “नको राहूस. जबरदस्ती नाही. तुझी धाकटी बहीण आहे की. परवा आली होती डबा घेऊन. तिचे डोळे मोठे आहेत. पडद्यावर छान दिसतील.”

यमू म्हणाली, “राहते. पण माझी एकच अट आहे. बंदूक गार आहे असं ज्यानं ज्यानं म्हणायचं, त्यानं नळी स्वतःच्या छातीकडे करून म्हणावं. मग मला काही विचारायचं नाही.”

अट साधी होती. कुणाला उघडायचं नव्हतं, बघायचं नव्हतं. रोजचाच शब्द, फक्त नळी इकडची तिकडे.

साळिंदरबुवांचे काटे आपोआप उभे राहिले. “मी म्हटलं असतं,” ते म्हणाले, “पण काट्यांमुळे मला बंदूक अशी धरता येत नाही.” नानू मुंगसाला एकाएकी आठवलं, की बेडकाला निरोप द्यायचा राहिलाय. बिबटेसाहेब म्हणाले, की नळी स्वतःकडे वळवणं हे त्यांच्या प्रतिमेला शोभणार नाही. घोरपडशेठ पुन्हा खांबावर चढले, आणि या वेळी नेहमीपेक्षा वर चढले.

आता तुम्हाला वाटेल, की एवढं झाल्यावर कुणीतरी बंदूक उघडलीच असेल. तुम्ही लहान आहात.

धनेशरावांनी मार्ग काढला. थोर माणसं मार्ग काढतातच. ते म्हणाले, “यमूच्या भावनेचा आपण आदर करू. आज एकेकानं म्हणायचं नाही. सगळ्यांनी मिळून म्हणायचं. आणि रोजच्यापेक्षा मोठ्यानं.”

मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, “बंदूक गार आहे!” डोंगरावरून आवाज परत आला, “गार आहे!” डोंगरसुद्धा म्हणतोय म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

यमू खुणेवर जाऊन उभी राहिली. बिबटेसाहेबांनी बंदूक उचलली. नळीच्या तोंडातलं झेंडूचं फूल नेमकं तिच्याकडे बघत होतं.

“ॲक्शन!”

“थांबा!” यमू म्हणाली. “माझं एक ऐका!”

“वा!” धनेशराव पुटपुटले.

वाक्य तिथं संपत होतं. यमू थांबली नाही. “अहो, उघडून बघा! आत गोळी आहे! खरी आहे! उघडून बघा हो!”

“वा, वा! पदरचं घालतेय! कुणी थांबवू नका!”

मग यमू भुंकली. सेटवर नाही भुंकायचं, हे ती विसरली. जंगलात भुंकतात तशी, पोटातून भुंकली. सेटबाहेरची माकडं झाडांच्या शेंड्याला गेली. ससे बिळात शिरले. पलीकडच्या ओढ्यावर पाणी पिणारा गवा तोंडातलं पाणी न गिळता पळाला. सगळं जंगल सावध झालं.

सेटवर साउंडवाला म्हणाला, “श्शू!”

बिबटेसाहेबांनी चाप ओढला. पंजानं चाप कसा ओढता येतो, असं विचारू नका. ओढता येतो. आवरता येत नाही.

ठो!

हवेत झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. धनेशराव वळून म्हणाले, “आवाज आत्ताच कुणी घातला? बेडूक कुठाय?”

बेडूक झाडाखाली झोपला होता.

नशीब म्हणा. गोळी यमूच्या कानातून आरपार गेली. कानाला भोक पडलं, तेवढ्यावर निभावलं. यमू मटकन खाली बसली.

सगळे धावले. कुणाकडे? बंदुकीकडे. महाराजांची होती ना. दस्त्याला ओरखडा आलाय का, ते आधी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वाघमहाराजांनी गुहेसमोर चौकशी बसवली.

“बंदूक गार आहे असं कोण म्हणालं?”

“सगळे, महाराज.”

“बघितलं कुणी?”

सगळे डोंगराकडे बघू लागले.

साळिंदरबुवा पुढं आले. “महाराज, बंदूक गारच होती. गरम होती ती गोळी. गोळ्या माझ्या विभागात येत नाहीत.”

नानू म्हणाला, “मी फक्त पळालो.” बिबटेसाहेब म्हणाले, “मी चाप ओढल्यासारखं केलं. तो खरोखर ओढला गेला, ही अभिनयाची ताकद.” धनेशराव म्हणाले, “मी त्या वेळी यमूच्या डोळ्यांकडे बघत होतो. फार सुंदर शॉट आहे. महाराजांनी अवश्य बघावा.”

“गोळी कुणाची होती?” महाराजांनी विचारलं.

अस्वल डोळे चोळत म्हणालं, “आपलीच, महाराज.”

महाराज खाकरले. “हा प्रश्न मी विचारलेला नाही.”

मग महाराजांनी बराच वेळ मिशांवरून पंजा फिरवला. म्हणाले, “न्याय सोपा आहे. ज्याला माहीत नव्हतं, तो निर्दोष. बंदुकीत गोळी आहे, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं?”

“आम्हाला नव्हतं! आम्ही बघितलंच नव्हतं!” सगळे एका सुरात म्हणाले. ओरडायची सवय कामाला आली.

“मग कुणालाच माहीत नव्हतं?”

सगळे पंजे, चोच आणि काटे हळूहळू एकाच दिशेला वळले.

“मला माहीत नव्हतं, महाराज,” कानाला पाला बांधलेली यमू म्हणाली. “मला भीती वाटत होती. म्हणून तर मी विचारत फिरले.”

“भीती वाटण्याइतकं माहीत होतं ना?”

“पण मी सांगितलं होतं सगळ्यांना!”

“पुरावाच दिलास,” महाराज म्हणाले. “माहीत असून समोर उभं राहणं, हा निष्काळजीपणा आहे.”

“मी उभी राहिले नसते, तर माझी बहीण उभी केली असती हो यांनी. एकानं जरी बंदूक उघडली असती...”

“बस,” महाराज म्हणाले. “इतकी काळजी आहे, तर यापुढं सेटवरच्या बंदुकीची सगळी जबाबदारी यमू भेकर हिची. काही झालं तर तिलाच विचारायचं.”

“चालेल,” यमू म्हणाली. “मग मी रोज बंदूक उघडून बघणार.”

“छे छे! उघडायचा अधिकार विभागाचा,” बुवा घाईनं म्हणाले.

“अधिकार त्यांचा, जबाबदारी तुझी,” महाराज म्हणाले, आणि हा न्याय सगळ्यांना इतका पटला की पुन्हा टाळ्या पडल्या. घोरपडशेठनी पेढे वाटले.

तात्पर्य : बाळांनो, बंदूक भरलेली आहे का, हे कधीही विचारू नये. न विचारणारे सगळे निर्दोष सुटतात. जबाबदारी नेहमी विचारणाऱ्यावर येते. आणि विचारलंच, तर उत्तर येईपर्यंत नळीसमोर उभं राहू नये. उत्तर फार मोठ्यानं येतं.

आता कबूल केल्याप्रमाणे पदरची जागा सांगतो. तुमच्यापैकी कुणाला ओळखता आली नाही. तुम्ही डोंगराचं बोलणं धरून बसलात. डोंगर बोलला होता.

गोळी गेली तो कान मी घातला. बिबटेसाहेबांचा नेम चांगला होता.

तेव्हा चौकशीत यमू जे जे बोलली, ते मीच रचलेलं आहे. कुणीतरी बोलायला हवं होतं, असं मला वाटलं. बाकी चौकशी सांगितली तशीच झाली. जबाबदारी खरोखरच यमूच्या नावावर ठेवली. तिनं हरकत घेतली नाही.

आणि चौकशीच्या दुसऱ्या दिवशी खुणेवर तिची धाकटी बहीण उभी राहिली. शेठ खोटं बोलले नव्हते. तिचे डोळे खरंच मोठे आहेत.